ताई, ग्रुपमध्ये माझं प्रॉडक्ट सांगू की नको?

या वेळी आलेल्या पत्रांत जवळपास निम्मी पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत. ऑनलाइन ग्रुप आणि फोरमवरून धंद्याची आयडिया कशी काढायची, आणि तिथेच आपलं प्रॉडक्ट कोणाला न दुखावता कसं सांगायचं. म्हणून अख्खं सदर यालाच दिलंय. मी स्वतः क्रोशाचे पॅटर्न, म्हणजे कितव्या ओळीत कोणते टाके घालायचे ते सांगणारे कागद, बनवून विकते आणि माझं सगळं काम अशाच ग्रुपांमधून उभं राहिलंय, त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं करून बघितलेलं आहे, काही चुकून शिकलेलं आहे.

प्रश्न: नोकरी सांभाळून स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय. बागकामाच्या दोन-तीन ग्रुपमध्ये आहे, रोज वाचतो, पण दोन महिने झाले एकही आयडिया सुचत नाहीये. सगळे म्हणतात तिथे आयडिया नुसत्या पडलेल्या असतात, मग मला का दिसत नाहीत?

दादा, तुम्ही आयडिया शोधताय म्हणून दिसत नाहीयेत. ग्रुपवर लोक आयडिया लिहीत नाहीत, वैताग लिहितात. "अमुक वस्तू बनवा, मी घेतो" असं कोणीच येऊन सांगत नाही, ते लिहितात "चौथ्यांदा रोपं मेली, आता हात टेकले". त्या ओळीवरून तुम्ही पुढे सरकता कारण ती तुम्हाला रडगाणं वाटते, आणि खरं काम तर तिथेच आहे.

एक करा. ग्रुपच्या सर्चमध्ये विषयाचं नाव टाकू नका, वैतागाचे शब्द टाका. "कुठे मिळेल", "दर वेळी", "कंटाळा आला", "याला दुसरा काही उपाय आहे का", आणि माझा सगळ्यात आवडता शब्दप्रयोग म्हणजे "शेवटी मीच". शेवटी मीच घरी बनवलं, शेवटी मीच एक्सेलमध्ये तक्ता केला, शेवटी मीच दोन वस्तू जोडल्या. जिथे माणूस स्वतःचा रविवार घालवून काहीतरी जुगाड करतो तिथे गरज खरी असते, कारण नुसती तक्रार करायला काही लागत नाही पण जुगाड करायला वेळ लागतो.

माझंच सांगते. क्रोशाच्या एका ग्रुपमध्ये एका बाईंनी अर्धवट झालेल्या शालीचा फोटो टाकला होता, त्यांना विचारायचं होतं लोकरीच्या रंगाबद्दल. मला मात्र फोटोच्या कोपऱ्यात त्यांचा पॅटर्नचा कागद दिसला. त्यावर आडवी फूटपट्टी ठेवलेली, दोन रबरबँड लावून कागदाला बांधलेली, म्हणजे आपण कितव्या ओळीवर आहोत ते हरवू नये. मी सुद्धा ओळ हरवायचे, पण मला वाटायचं हा माझाच धांदरटपणा. मग त्या ग्रुपचे जुने फोटो काढून बघत बसले, तीन संध्याकाळी गेल्या, आणि कोणाच्या कागदावर चिकटपट्टी, कोणाच्या केसांची पिन, कोणी प्रत्येक ओळ झाली की पेनाने खोडलेली, अशा १९ फोटोंमध्ये तोच प्रॉब्लेम सापडला आणि त्यातल्या एकानेही त्याबद्दल अक्षर लिहिलं नव्हतं. त्यानंतर मी पॅटर्न वेगळ्या पद्धतीने छापायला घेतले, एका ओळीत एकच सूचना, अक्षर मोठं, पुढे खूण करायला चौकोन, आणि दर पाच ओळींनी एकूण टाके किती असायला हवेत ते, म्हणजे चुकलं तर सगळं उसवायला लागत नाही. आजही माझे तेच पॅटर्न सगळ्यात जास्त जातात.

हे काही माझ्या एकटीचं निरीक्षण नाही. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक एरिक फॉन हिपेल यांनी वर्षानुवर्षं हाच अभ्यास केलाय की नवीन वस्तू पुष्कळदा कंपनीच्या आधी वापरणाऱ्यांच्या हातात तयार होते. माउंटन बाइकचंच बघा, १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातले काही सायकलवेडे डोंगरावरून खाली यायला जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन त्यांना हवे तसे ब्रेक-गिअर बसवत होते, मोठ्या कंपन्या त्यात नंतर उतरल्या. तेव्हा हा जुगाड बघायला त्या डोंगरावर जावं लागलं असतं, आज तो ग्रुपमधल्या फोटोत दिसतो.

एक वही ठेवा. त्यात माणसाने जे शब्द वापरले तेच जसेच्या तसे लिहा, आपल्या भाषेत सुधारून नाही, कारण पुढे प्रॉडक्टची माहिती लिहाल तेव्हा तेच शब्द कामाला येतात. शेजारी तारीख, आणि त्या माणसाने त्यावर काय उपाय केला, त्यात पैसे किंवा वेळ घातला का, हे लिहा. एकच माणूस दहा वेळा ओरडला तरी तो एकच धरायचा. वेगवेगळ्या महिन्यांत, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी तेच म्हटलं असेल तर मात्र थांबून विचार करा. मी त्या चौकोनांच्या पॅटर्नला हात घातला तो वही भरल्यावर, त्याआधी नाही.

प्रश्न: सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये मी पोस्ट टाकली होती की चेन, ब्रेक पॅड कधी बदलायचे याची आठवण करून देणारं अॅप काढलं तर वापराल का? चाळीसेक जणांनी "हो", "मस्त", "लवकर काढ" लिहिलं. चार महिने रात्री जागून अॅप केलं, आणि घेतलं फक्त तिघांनी. लोक खोटं का बोलतात?

खोटं नाही हो बोलले ते. तुमचा उत्साह बघून चांगलं बोलले, आणि "हो" लिहायला त्यांना अर्धं सेकंद लागलं. तुम्ही भविष्याबद्दल विचारलंत, आणि भविष्यात आपण सगळेच शिस्तीचे असतो, वेळेवर तेल घालणारे असतो. विचारायचं असतं मागचं. "शेवटची चेन कधी बदलली? बदलायला झालीये हे कशावरून कळलं? त्याच्या आधी काय लक्षात ठेवलं होतं?" समजा तीसजण म्हणाले की दुकानात सर्व्हिसिंगला दिली तेव्हा मेकॅनिकने सांगितलं, तर कदाचित तुमचं गिऱ्हाईक सायकल चालवणारा नाहीच, मेकॅनिक आहे. त्याला आपल्या गिऱ्हाइकांना आठवण पाठवायची असू शकते. चार महिन्यांचं काम फुकट गेलंय असं मला वाटत नाही, दोन-तीन मेकॅनिकांशी बोलून बघा.

आणि पुढच्या वेळी "हो" मोजू नका, काहीतरी करायला लावा. ईमेल द्या, नाव नोंदवा, थोडी रक्कम आधी भरा, अर्धा तास फोनवर बोला, यातलं काहीही चालेल. आपल्या फायली इंटरनेटवर ठेवून कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडायची सोय देणाऱ्या ड्रॉपबॉक्सवाल्यांनी हेच केलं. प्रॉडक्ट सगळ्यांसाठी खुलं नव्हतं तेव्हा ड्रॉपबॉक्स सुरू करणाऱ्या ड्रू ह्यूस्टनने ते कसं चालतं याचा छोटा व्हिडिओ केला आणि २००८ मध्ये तो डिग या साइटवर गाजला. त्या साइटवरच्या लोकांनाच कळतील अशा गमती त्यात पेरलेल्या होत्या, म्हणजे तिथल्या माणसांसाठीच तो बनवलेला होता, आणि एका रात्रीत वेटिंग लिस्ट ५ हजारांवरून ७५ हजारांवर गेली. इथे लोकांनी ईमेल लिहून दिला होता. नुसत्या "मस्त"पेक्षा त्याची किंमत कितीतरी जास्त.

त्याच ड्रॉपबॉक्सची दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. २००७ मध्ये ह्यूस्टनने हॅकर न्यूज या प्रोग्रामरांच्या फोरमवर ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा एकाने लिहिलं की लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर (कॉम्प्युटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) अमुक टूल आणि तमुक टूल जोडून हे तर आत्ताही करता येतं. चुकीचं नव्हतं ते. पण ज्याला स्वतःला जोडता येतं तो आपलं गिऱ्हाईक नसतोच. ग्रुपमधले सगळ्यात हुशार लोक आधी आणि जोरात बोलतात, त्यांचं ऐका, त्यातून शिका, पण निर्णय ज्यांना जमत नाही त्यांच्याकडे बघून घ्या.

आणि विचारायचं कसं याचा नमुना हवा असेल तर लिनस टोरवाल्ड्सचा आहे. २५ ऑगस्ट १९९१ ला, वय वर्षं २१, त्याने मिनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांच्या न्यूजग्रुपवर, म्हणजे तेव्हाच्या ऑनलाइन ग्रुपवर, लिहिलं की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, छंद म्हणून, मिनिक्समधलं तुम्हाला काय आवडतं आणि काय नाही ते सांगा, सूचना करा, पण सगळं करीनच असा शब्द देत नाही. त्याचं लिनक्स झालं. त्याने "घ्याल का" विचारलं नाही, आत्ता जे वापरताय त्यात काय खुपतं ते विचारलं, आणि आधी काहीतरी चालू स्थितीत आणून मग विचारलं.

प्रश्न: मी हाताने शिवलेल्या कॅमेऱ्याच्या बॅगा विकते. फोटोग्राफीच्या सहा ग्रुपमध्ये फोटो आणि लिंक टाकली, भाषा अगदी नम्र होती. चार ठिकाणी पोस्ट उडवली, एका ग्रुपमधून मला काढूनच टाकलं. माझ्या वस्तूत खोट नाही. मग अपमान का?

ताई, तुमचं वाईट वाटणं मी समजू शकते, माझ्या बाबतीत हे झालंय. पहिल्या ग्रुपमध्ये जाऊन तिसऱ्या दिवशी मी माझ्या पॅटर्नची लिंक टाकली होती आणि मॉडरेटर बाईंनी खाली एवढंच लिहिलं, "तुम्ही इथे अजून कोणाशी बोलला आहात का?" नव्हते बोलले. महिनाभर मी त्या ग्रुपकडे फिरकले नाही, मग परत गेले आणि फक्त इतरांचे टाके मोजून द्यायला लागले.

प्रश्न वस्तूचा नसतो. तीच पोस्ट सहा ठिकाणी गेली म्हणजे ती कोणासाठीच लिहिलेली नव्हती आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. हा राग फार जुना आहे. १२ एप्रिल १९९४ ला अॅरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील जोडप्याने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात यूजनेट या तेव्हाच्या ऑनलाइन चर्चेच्या जाळ्यातल्या ५ हजारांहून जास्त न्यूजग्रुपमध्ये एकदम टाकली, मग तो ग्रुप कशाचाही असो. लोकांनी निषेधाच्या एवढ्या ईमेल पाठवल्या की त्यांना इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा सर्व्हर कोलमडला आणि कंपनीने त्यांचं खातं बंद केलं. आम्हाला त्यातून गिऱ्हाइकं मिळाली असा त्यांचा दावा होता, असतीलही, पण तीस वर्षांनंतरही त्यांचं नाव निघतं ते स्पॅमच्या इतिहासात. तुम्हाला तर त्याच फोटोग्राफरांमध्ये पुढची दहा वर्षं राहायचंय.

मग करायचं काय? आधी ग्रुपचे नियम वाचा, बहुतेक ठिकाणी सगळ्यात वर पिन केलेले असतात, काही ठिकाणी विक्रीसाठी आठवड्यातला एक दिवस किंवा वेगळा धागा असतो, नसेल तर मॉडरेटरला सरळ मेसेज करून विचारा. रेडिट या फोरमच्या साइटवर पूर्वीपासून एक ढोबळ प्रमाण सांगितलं जातं की आपल्या दहा पोस्टपैकी फार तर एक स्वतःच्या वस्तूबद्दलची असावी. मला ते प्रमाण आवडतं, पण नऊ पोस्ट "छान", "सुंदर" अशा टाकून दहावी जाहिरातीची टाकली तर लोकांना तेही कळतं, त्यामुळे मोजत बसू नका.

त्यापेक्षा असं बघा. कोणीतरी विचारलं, "थंड ठिकाणाहून दमट हवेत आलो की कॅमेऱ्यावर पाणी धरतं, काय करू?" तुम्हाला बॅगांचं माहितीये म्हणजे याचं उत्तर तुमच्याकडे आहे. लिहा की बाहेरच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा जाणार नाही असा बंद करा, आत आल्यावर लगेच उघडू नका, कॅमेरा हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ द्या, म्हणजे पाणी पिशवीवर धरेल, लेन्सवर नाही, आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, त्याही मधूनमधून वाळवा नाहीतर त्या नुसत्या वजन होतात. एवढं लिहून झालं की शेवटी एक ओळ, "मी कॅमेऱ्याच्या बॅगा शिवून विकते त्यामुळे हे प्रश्न रोजचे आहेत, अजून काही विचारायचं असेल तर विचारा." बस. लिंक प्रोफाइलमध्ये असू द्या. तुमची बॅग न घेता सुद्धा त्या माणसाचा कॅमेरा वाचला पाहिजे, उत्तर एवढं पूर्ण हवं.

तुम्ही म्हणाल एका माणसासाठी एवढं कोण लिहिणार. पण वाचणारा एक नसतो. लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सनने २००६ मध्ये मांडलेलं ढोबळ गणित असं, की ऑनलाइन समूहात ९० टक्के लोक फक्त वाचतात, ९ टक्के कधीतरी लिहितात, बाकी १ टक्का बहुतेक सगळं लिहितो. त्या नव्वदांना तुम्ही दिसताय, ते लाइकसुद्धा करत नाहीत आणि आठ महिन्यांनी बॅग घ्यायची वेळ आली की त्यांना तुमचं नाव आठवतं. माझी निम्मी गिऱ्हाइकं अशी आहेत, "तुमची उत्तरं वाचत असते" एवढंच म्हणून ऑर्डर देतात.

हो, आणि खूप लिंका टाकल्या की गूगलवर वर येतो असं कोणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढा. कमेंटमधल्या स्पॅमला वैतागून गूगलने २००५ मध्येच नोफॉलो नावाची खूण आणली, पुष्कळ फोरम बाहेरच्या लिंकांना ती आपोआप लावतात, त्यामुळे त्या लिंकांचा रँकिंगला सहसा उपयोग होत नाही.

प्रश्न: मैत्रीण ग्रुपमध्ये प्रश्न विचारेल, मी दुसऱ्या नावाने उत्तर देऊन माझ्याच प्रॉडक्टचं नाव सुचवेन. सगळेच करतात. यात काही वावगं आहे का?

आहे. करू नका.

होल फूड्स या अमेरिकेतल्या किराणा दुकानांच्या मोठ्या कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जॉन मॅकी याहूच्या शेअरबाजाराच्या फोरमवर वर्षानुवर्षं राहोडेब या टोपणनावाने लिहायचे, आपल्या कंपनीचं कौतुक आणि वाइल्ड ओट्स या प्रतिस्पर्ध्यावर टीका. ते नाव म्हणजे त्यांच्या बायकोच्या डेबोरा या नावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केलेली. २००७ मध्ये त्यांची कंपनी तोच प्रतिस्पर्धी विकत घ्यायला निघाली आणि सरकारी चौकशीत हे सगळं बाहेर आलं. त्यांना जाहीर माफी मागावी लागली. एवढ्या मोठ्या माणसाला लपवता आलं नाही. आपलं तर लिहिण्याच्या ढबीवरून, खातं कधी उघडलं त्या तारखेवरून अर्ध्या तासात कोणीतरी काढतं. अमेरिकेत २०२४ मध्ये खोट्या रिव्ह्यूंविरुद्ध वेगळा नियमच आलाय, आणि प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लोसारख्या साइटवर स्वतःच्या प्रॉडक्टचं नाव घेताना ते आपलं आहे हे लिहावंच लागतं.

"हे मीच बनवलंय" ही ओळ लिहायला लाज वाटायचं कारण नाही. मी ती प्रत्येक वेळी लिहिते आणि त्यानंतर लोक जास्त प्रश्न विचारतात, कारण बनवणारीच समोर आहे.

प्रश्न: एका ग्रुपमध्ये कोणीतरी माझ्या ऑनलाइन कोर्सबद्दल वाईट लिहिलंय. खाली वीस कमेंट आहेत. गप्प बसू का उत्तर देऊ?

उत्तर द्या, पण आज नाही, उद्या सकाळी. तक्रारीतलं जे खरं आहे ते पहिल्या वाक्यात मान्य करा, काय दुरुस्त करताय आणि कधीपर्यंत ते लिहा, आणि दुरुस्त झालं की त्याच धाग्यावर परत येऊन सांगा. ही तिसरी पायरी सगळे विसरतात. जे खरं नाही ते एकदाच, पुराव्यासकट, आणि पुढे वाद घालू नका. ओळखीच्या लोकांना "जरा माझ्या बाजूने लिहा" असं तर अजिबात सांगू नका. ती वीस कमेंट मात्र नीट वाचा, वर पहिल्या उत्तरात ज्या वहीबद्दल लिहिलंय ती तुम्हीही उघडा.

प्रश्न: एका बंद ग्रुपमध्ये एकाने गुडघेदुखी असलेल्यांसाठी बसून काम करायच्या स्टुलाचं स्केच टाकलंय, मापांसकट. मी सुतारकाम करतो, ते मला बनवून विकता येईल. त्याने तर सगळ्यांसाठीच टाकलंय ना, मग विचारायची गरज आहे का?

गरज आहे, आणि तुम्हाला प्रश्न पडला म्हणजे आतून तुम्हालाही तसंच वाटतंय.

मी यात एक फरक करते. "खाली बसून उठता येत नाही" हा वैताग सगळ्यांचा आहे, त्यावर कोणीही आपल्या डोक्याने उपाय काढावा. पण मापांसकट स्केच हे त्या माणसाचं काम आहे, त्याचं चित्र आणि लिहिलेला मजकूर त्याचाच असतो, ग्रुपवर टाकला म्हणून तो सोडून दिला असं होत नाही. शिवाय ग्रुप बंद आहे, म्हणजे तिथे लोकांनी आपल्या दुखण्याबद्दल विश्वासाने लिहिलंय, तिथले स्क्रीनशॉट, फोटो, कोणाचे शब्द जाहिरातीत वापरायचे तर त्या त्या माणसाची परवानगी हवीच. मी त्या १९ फोटोंपैकी एकही कधी बाहेर दाखवलेला नाही.

मेसेज साधा करा. "तुमचं स्केच बघितलं. मी सुतारकाम करतो. एक बनवून बघायची इच्छा आहे, पहिला नग तुम्हाला देतो, वापरून सांगा काय बदलायला हवं. जमलं तर विकायचाही विचार आहे, त्यात तुमचं नाव किंवा वाटा कसा असावा ते आधी बोलून घेऊ." बऱ्याचदा अशी माणसं पैसे मागतच नाहीत, त्यांना वस्तू झालेली बघायची असते. आणि नाही म्हणाला तर ते स्टूल सोडून द्या, त्याच ग्रुपमध्ये अजून दहाजण काय म्हणतायत ते वाचा आणि स्वतः माप घ्यायला सुरुवात करा, उंची किती, हात टेकायला काय हवं, उठताना जोर कुठे येतो.

त्याचं उत्तर काय आलं ते मला नक्की कळवा.